बी६५० की बी८५०: जुळे दिसणारे दोन बोर्ड, घ्यायचा कुठला?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. एकाच कंपनीच्या एकाच सिरीजमधले, एएमडी प्रोसेसरसाठीचे (एएम५ सॉकेटचे) दोन एटीएक्स म्हणजे पूर्ण आकाराचे मदरबोर्ड, एक बी६५० वाला आणि एक बी८५० वाला, दोन्हींवर वायफाय, दोन्हींवर रॅमचे चार स्लॉट. प्रोसेसर रायझन ५ ९६००एक्स, पुढेमागे आठ कोरचा एक्स३डी (जादा कॅशवाला गेमिंग प्रोसेसर) टाकायचा विचार, कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी, जुन्या पीसीतला एक जेन४ (म्हणजे पीसीआय ४.०) एसएसडी आणि दोन साटा हार्डडिस्क घेऊन येणार, नंतर कदाचित कॅप्चर कार्ड (बाहेरून येणारा व्हिडिओ रेकॉर्ड करायचं). काम म्हणजे गेम्स आणि अधूनमधून व्हिडिओ एडिटिंग. बी८५० महाग पडतोय, तर तो फरक वसूल होतो का?

माझं मत आधीच सांगून टाकतो, तुमच्या वापरात बी६५० घ्या आणि वाचलेले पैसे मोठ्या एसएसडीत किंवा रॅममध्ये घाला, फक्त त्या बोर्डाला प्रोसेसरशिवाय बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅश म्हणजे अपडेट करायचं बटण आहे ना तेवढं नक्की बघून घ्या. दोन्ही बोर्डांची किंमत जवळपास सारखीच झाली तर मात्र बी८५०, त्यात विचार करायला काही उरत नाही. आता हे का ते बघू.

बी६५० आला ऑक्टोबर २०२२ मध्ये आणि बी८५० जानेवारी २०२५ मध्ये, त्यामुळे साहजिकच वाटतं की नव्या बोर्डावर नवा चिपसेट (प्रोसेसरला बाकीच्या पोर्ट-स्लॉटशी जोडणारी चिप) असेल. तसं नाहीये. दोन्हींत तीच एक चिप आहे, प्रॉमंटरी २१ नावाची, आणि तिचा प्रोसेसरशी जोडणारा रस्ताही तोच, पीसीआय ४.० च्या चार लेन (डेटा जायच्या वाटा), म्हणजे एका दिशेला साधारण ८ जीबी प्रति सेकंद. चिपसेटवरची एसएसडी, साटा, लॅन, बरेचसे यूएसबी, सगळे या एकाच दारातून आत-बाहेर करतात, दोन्ही बोर्डांवर. ओव्हरक्लॉकिंग दोन्हींवर चालतं, एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग) दोन्हींवर चालतं. मग बदललं काय, तर एएमडीने कंपन्यांना घातलेली किमान अट. बी८५० असं नाव लावायचं असेल तर निदान एक एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायचा) जेन५ द्यावाच लागतो. बी६५० वर तो ऐच्छिक होता, काही बोर्डांवर आहे, काहींवर नाही. आणि ग्राफिक्स कार्डाचा मोठा स्लॉट? तो बी८५० वरसुद्धा जेन४ चालतो, जेन५ दिलाच पाहिजे असं नाही! मोठा स्लॉट आणि एम.२ दोन्ही जेन५ असण्याची सक्ती जुन्या बी६५०ई वर होती, म्हणजे २०२२ सालचा एखादा बी६५०ई बोर्ड २०२५ च्या साध्या बी८५० पेक्षा या बाबतीत सरळ पुढे निघतो. आकड्यावर जाऊ नका म्हणतो ते यासाठीच. जाता जाता, बी८४० नावाचा एक प्रकार आहे, त्याच्या वाट्याला जाऊ नका, नाव बी८५० च्या शेजारचं असलं तरी चिप वेगळी आहे, चिपसेटच्या लेन जेन३ आहेत आणि प्रोसेसर ओव्हरक्लॉक होत नाही.

तुम्ही दिलेल्या स्पेकनुसार तुमच्या बी६५० वर मोठा स्लॉट जेन४ आणि तीनही एम.२ जेन४, बी८५० वर मोठा स्लॉट जेन५ आणि पहिला एम.२ जेन५. कार्डापासून सुरुवात करू कारण इथे तुमचं कार्ड जरा वेगळं आहे. ५०६० टीआय दिसायला पूर्ण लांबीच्या स्लॉटमध्ये बसतं पण ते वापरतं फक्त आठ लेन, जेन५ च्या. जेन५ स्लॉटमध्ये आठ लेनचे साधारण ३२ जीबी प्रति सेकंद मिळतात, जेन४ मध्ये १६. म्हणजे बी६५० वर तुमच्या कार्डाचा रस्ता अर्धा होतो, आणि हे वाचून लोक घाबरतात. पण हा रस्ता गेम चालू असताना नेमका कधी भरतो ते बघा. टेक्स्चर एकदा कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत जाऊन बसले की त्यांना पुन्हा पुन्हा पीसीआय वरून यावं लागत नाही. मेमरी कमी पडली की मग कार्ड सिस्टिमच्या रॅममधून ओढायला लागतं, आणि तिथे रस्त्याची रुंदी एकदम जाणवते, गेम अडखळायला लागतो. म्हणून हेच कार्ड ८ जीबीचं असतं तर मी तुम्हाला जेन५ स्लॉटकडे बघा म्हणालो असतो, जुन्या जेन३ बोर्डावर तर ते कार्ड टाकूच नका म्हणालो असतो. तुमचं १६ जीबीचं आहे, त्यात आजचे गेम हाय सेटिंगवरही मावतात, त्यामुळे जेन४ वर पडणारा फरक बेंचमार्कमध्ये शोधून सापडेल एवढाच.

आता एम.२. जेन४ ची चांगली एसएसडी ७००० एमबी प्रति सेकंदापर्यंत वाचते, जेन५ ची वरच्या श्रेणीतली १४००० च्या आसपास. आकडा दुप्पट आहे, भारी वाटतं. पण तुमच्या एडिटिंगचा हिशोब करून बघा ना. कॅमेऱ्याची १०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) ची ४के क्लिप म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी. टाइमलाइनवर अशा चार क्लिप एकावर एक चालवल्या तरी ५० एमबी. ७००० च्या ड्राइव्हला ५० एमबी म्हणजे काहीच नाही, तुमची टाइमलाइन अडकते ती डिकोडिंगमुळे, इफेक्ट्समुळे, रॅम कमी पडल्यामुळे, एसएसडीमुळे नाही. गेम लोडिंगमध्येही तेच, बराच वेळ प्रोसेसर डेटा उलगडत बसलेला असतो. जेन५ ड्राइव्ह कुणाला लागते, तर जे रोज शेकडो जीबीच्या फाइल एका ड्राइव्हवरून दुसरीकडे हलवतात त्यांना, आणि हलवायची असेल तर दुसरी ड्राइव्हसुद्धा तेवढीच वेगवान हवी, नाहीतर वेग हळू असणाऱ्याचाच मिळणार. शिवाय त्या तापतात, चांगला हीटसिंक लागतोच. तुमच्याकडे आधीच जेन४ आहे, ती जेन५ स्लॉटमध्ये टाकलीत तरी जेन४ च्याच वेगाने चालेल.

एम.२ च्या बाबतीत जेन५ पेक्षा जास्त महत्त्वाची गोष्ट म्हणजे कुठला स्लॉट कुठून येतो. या प्रोसेसरमधून वापरण्यासारख्या २४ लेन बाहेर येतात (आणखी चार चिपसेटला जोडण्यात जातात), त्यातल्या १६ ग्राफिक्सला, चार पहिल्या एम.२ ला, आणि उरलेल्या चारचं काय करायचं ते बोर्ड बनवणारा ठरवतो. कुणी दुसरा एम.२ थेट प्रोसेसरला जोडतो, कुणी त्या लेन यूएसबी४ ला देतो, कुणी खालच्या स्लॉटला. तुमच्या दोन्ही बोर्डांची मॅन्युअल पीडीएफ कंपनीच्या साइटवर मिळते, ती उतरवा आणि सुरुवातीच्या पानांतला ब्लॉक डायग्रॅम बघा, नसेल तर स्टोरेजचा तक्ता. तिथे खाली बारीक अक्षरात अशा ओळी असतात की अमुक एम.२ वापरला तर तमुक स्लॉट बंद होईल, किंवा दोन साटा पोर्ट बंद होतील, किंवा मोठा स्लॉट सोळावरून आठ लेनवर येईल. ही शेवटची ओळ काही बोर्डांवर असते जिथे दुसरा जेन५ एम.२ ग्राफिक्सच्या लेन उसन्या घेतो. गंमत म्हणजे तुमचं कार्ड आठच लेनचं असल्याने तुम्हाला त्याने काडीचाही फरक पडणार नाही, सोळा लेनवाल्याला पडेल. तुमच्यासाठी बघायचं ते हे: तिसरा एम.२ आणि कॅप्चर कार्डाचा स्लॉट एकमेकांच्या लेन खातात का. खात असतील तर तिसरी एसएसडी आणि कॅप्चर कार्ड यातलं एकच मिळेल आणि ते नंतर कळलं की चिडचिड होते.

खालच्या स्लॉटबद्दल अजून एक, लांबी बघून फसू नका. बोर्डावरचा दुसरा लांब स्लॉट पूर्ण सोळा लेनचा जवळजवळ कधीच नसतो, आत बहुतेक वेळा चार लेन असतात आणि काही स्वस्त बोर्डांवर तर एकच. स्पेकमध्ये 'एक्स१६ स्लॉट, एक्स४ मोडमध्ये चालतो' असं लिहिलेलं असतं, तो मोड वाचायचा. कॅप्चर कार्डं एक लेनची असतात किंवा चार लेनची, तुमचं कुठलं असणार ते आत्ताच ठरवा. आणि कार्डाची जाडी मोजा, अडीच-तीन स्लॉट जाडीचं कार्ड लावलं की त्याच्या लगेच खालचा स्लॉट झाकला जातो, कागदावर असला तरी हातात नाही.

व्हीआरएम, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणारा बोर्डावरचा भाग, त्यावर लोक फार भांडतात. तुमचा बी६५० बारा अधिक दोन अधिक एक स्टेजचा, बी८५० चौदा अधिक दोन अधिक एक. पहिला आकडा प्रोसेसरच्या कोरसाठी, दुसरा एसओसी म्हणजे मेमरी कंट्रोलर वगैरेसाठी, तिसरा किरकोळ. ९६००एक्स ची टीडीपी (कंपनीने दिलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट, प्रत्यक्षात जास्तीत जास्त ८८ वॅट खेचतो. पुढे ९८००एक्स३डी टाकलात तर टीडीपी १२०, कमाल १६२ वॅट. आता हे १६२ च्या १६२ कोरलाच गेले असं धरू, व्होल्टेज १.२ धरू, १३५ अँपिअर झाले, बारा स्टेजमध्ये वाटले की एकेका स्टेजच्या वाट्याला जेमतेम सव्वाअकरा अँपिअर येतात, आणि अशा बोर्डांवर स्टेज ५५-६० अँपिअर रेटिंगच्या असतात. चौदा स्टेजवर ते साडेनऊ होतील. बस, एवढाच तो फरक. तोही फुल लोडवर, गेममध्ये एक्स३डी याच्या बराच खाली चालतो. १६ कोरचा ९९५०एक्स, कमाल २३० वॅट, तासन्‌तास रेंडरिंग, असं असतं तरी बारा स्टेजवाला चांगला हीटसिंक असलेला बोर्ड पुरला असता. व्हीआरएम ची काळजी करायची ती अगदी खालच्या बोर्डांवर, जिथे स्टेज मोजक्या आणि हीटसिंक एकाच बाजूला किंवा नाहीच.

रॅमच्या बाबतीत बी८५० च्या बॉक्सवर रॅमच्या वेगाचे ८००० वगैरे आकडे छापलेले दिसतील, ते वाचून सोडून द्या. या प्रोसेसरांत मेमरी कंट्रोलर आणि रॅम एकास एक चालले की फायदा, आणि ते साधारण ६००० ते ६४०० पर्यंत जमतं, त्यापुढे कंट्रोलर अर्ध्या वेगावर जातो आणि मिळवलेलं बरंचसं तिथेच जातं. ६००० सीएल३० च्या (सीएल म्हणजे रॅमची दिरंगाई, कमी तेवढी बरी) दोन स्टिक घ्या, एडिटिंग आहे तर दोन गुणिले ३२ जीबी घेतलात तर उत्तम. चार स्लॉट आहेत म्हणून आत्ता दोन घेऊ नंतर दोन वाढवू, हा बेत एएम५ वर करू नका. चार स्टिक लावल्यावर एएमडीचा अधिकृत वेग ३६०० आहे, दोन स्टिकवर ९००० सिरीजला ५६००. काहींच्या चार स्टिक त्याहून वर चालतात, पण ते नशिबावर. ही भानगड दोन्ही बोर्डांवर सारखीच आहे कारण कंट्रोलर प्रोसेसरमध्ये आहे.

वायफाय ६ई विरुद्ध वायफाय ७: राउटर वायफाय ७ चा नसेल तर काही उपयोग नाही, आणि विंडोज ११ ची २४एच२ आवृत्तीही लागते. डेस्कटॉप आहे, जमत असेल तर केबल लावा, २.५ जी लॅन दोन्हींवर आहेच. नंतर वाटलं तर बहुतेक बोर्डांवर वायफायचं कार्ड एका छोट्या एम.२ स्लॉटमध्येच बसवलेलं असतं, बदलता येतं. फक्त इंटेलचं बीई२०० एएमडीवर चालेल असं गृहीत धरू नका. साटा चार असोत की सहा, तुमच्या दोन हार्डडिस्क आहेत. ऑडिओची एएलसी८९७ चिप साध्या हेडफोनला पुरेशी आहे, व्हॉइसओव्हर करणार असाल तर तसंही यूएसबी इंटरफेस घ्याल.

मागचे यूएसबी मात्र मोजा, आणि नुसते मोजू नका तर वेग बघून मोजा. कीबोर्ड, माऊस, डीएसी (हेडफोनसाठीचं बाहेरचं ऑडिओ उपकरण), बाहेरची ड्राइव्ह, कार्ड रीडर, असं करत आठ पोर्ट कधी संपतात कळत नाही, त्यातले निम्मे यूएसबी २.० असले की फुटेज उतरवताना रडायची वेळ येते. कॅबिनेटला पुढे टाइप-सी असेल तर बोर्डावर त्याचं वेगळं हेडर (केबल लावायची जागा) हवं. मला विचाराल तर दोन जुळ्या बोर्डांत रोज जाणवणारा फरक जेन५ पेक्षा इथेच जास्त असतो.

आता ती बटणाची अट. तुमचा ९६००एक्स आला ऑगस्ट २०२४ मध्ये, बी६५० त्याच्या जवळपास दोन वर्षं आधीचा. दुकानात पडून असलेला जुना पीस मिळाला तर त्यातल्या बायोसला हा प्रोसेसर ओळखता येणार नाही, स्क्रीनवर काहीही येणार नाही आणि तुम्हाला वाटेल बोर्ड मेलेला आला. बॉक्सवर ९००० रेडी असा स्टिकर असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर मागे ते बटण हवं, एमएसआयवर फ्लॅश बायोस, आसुसवर बायोस फ्लॅशबॅक, गिगाबाइटवर क्यू-फ्लॅश प्लस. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, बायोस फाइलला कंपनी सांगते ते नाव द्यायचं (एमएसआयला एमएसआय.रॉम, गिगाबाइटला गिगाबाइट.बिन, स्पेलिंग मॅन्युअलमधलं जसंच्या तसं), ठराविक पोर्टला लावायचा, २४ पिन आणि प्रोसेसरची ८ पिन केबल जोडायची, बटण दाबायचं आणि लाइट लुकलुकायचा थांबेपर्यंत हात लावायचा नाही. बी८५० ला या प्रोसेसरसाठी हे करावं लागत नाही, हा त्याचा खराखुरा फायदा आहे आणि ज्याला या सगळ्याचा कंटाळा आहे त्याने त्यासाठी थोडे जास्त दिले तर मी नावं ठेवणार नाही.

जुन्या बायोसचं दुसरं कारण जास्त गंभीर आहे. एप्रिल २०२३ मध्ये काही ७००० सिरीजचे एक्स३डी प्रोसेसर सॉकेटसकट जळाल्याचे प्रकार झाले, त्यानंतर एएमडीने बायोसमधूनच एसओसी व्होल्टेज १.३ वर बांधून टाकलं. पुढे एक्स३डी टाकणार असाल तर त्याआधीचा बायोस बोर्डावर ठेवूच नका.

बोर्ड हातात आला की पहिलं काम, सॉकेटवरचं प्लास्टिक उचलून पिना बघा. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, १७१८, मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की एखादी वाकलेली पिन चमक वेगळी पडल्यामुळे लगेच दिसते. खोलतानाचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही आणि कुणी वाकवली हे नंतर सिद्ध करता येत नाही. प्लास्टिक फेकू नका, वॉरंटीला पाठवायची वेळ आली तर ते लावूनच पाठवावं लागतं.

जोडून झालं की पहिल्यांदा ग्राफिक्स कार्डाशिवाय चालू करा, ९६००एक्स ला स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, बोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर लावा. विंडोज टाकताना नेटवर्क सापडलं नाही तर दचकू नका, इन्स्टॉलरमध्ये ड्रायव्हर नसतो, लॅनचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा किंवा मोबाइल यूएसबीने लावून टेदरिंग करा. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, म्हणजे ए२ आणि बी२. आणि पहिल्यांदा पॉवर दिल्यावर डीरॅमचा (रॅमचा) लाइट लागून स्क्रीन काळी राहील, पंखे फिरत राहतील, मध्येच एखादवेळी रीस्टार्टही होईल. ते रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं, चालू असतं, त्याला काही मिनिटं लागतात, स्टिक मोठ्या असल्या तर जास्तच. घाबरून पॉवर काढू नका. पंधरा मिनिटांनंतरही तो लाइट तसाच असेल तर बंद करा, एकच स्टिक ए२ मध्ये ठेवून पुन्हा चालू करा, ती चालली तर दुसरी त्याच जागी लावून बघा, म्हणजे दोष स्टिकचा की स्लॉटचा ते लगेच कळेल.